मंजूर नकाशातले पंधरा फूट

खरखर फुकट मिळते, म्हणून मी रडारसाठी खरखर निवडली. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात अर्थातच याहून भारदस्त कारणं दिली आहेत. असं रडार शत्रूला ओळखता येत नाही, त्याची नक्कल करता येत नाही, शेजारच्या रडारच्या कामात ते लुडबुड करत नाही. ही सगळी कारणं खरी आहेत. पण मीरा रोडच्या वन बीएचकेमध्ये आईवडिलांसोबत राहणाऱ्या आणि एक प्रिन्सिपॉल सोडला तर शत्रू म्हणावा असा कुणीच नसलेल्या माणसाला त्यांचा काय उपयोग? चांगल्या रडारला लागणारा नेटका सिग्नल तयार करणारं यंत्र माझ्या ऐपतीबाहेरचं होतं. उलट एक किरकोळ डायोड उलटा जोडून त्याच्यावर जरा जास्त विजेचा दाब दिला, की तो बिचारा दिवसरात्र खरखरत राहतो आणि कधीच दोनदा सारखा खरखरत नाही. मला एवढं पुरेसं होतं.

घाई होती ती नोकरीमुळे. मी एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात लेक्चरर होतो, पण हंगामी. दर मेमध्ये माझी नेमणूक संपायची आणि जुलैत नवं पत्र मिळायचं. मधल्या काळात मी कोण असायचो हे कॉलेजलाही सांगता आलं नसतं. अशी पाच वर्षं काढल्यावर प्रिन्सिपॉलनी बोलावून सांगितलं, की आता नियम कडक झालेत. येत्या मेपर्यंत एम.ई.चा प्रबंध सादर केलात तर कायम करू, नाहीतर जुलैचं पत्र विसरा. मी एकतीस वर्षांचा होतो. माझ्यासाठी आलेली दोन स्थळं ‘मुलगा परमनंट आहे ना?’ एवढं विचारून परत गेलेली आईने पाहिली होती. तेव्हा मला त्या वर्षी एकच गोष्ट करायची होती: माहीत असलेल्या अंतरावर ठेवलेली वस्तू त्याच अंतरावर आहे, हे माझ्या पेटीकडून वदवून घ्यायचं.

बाबांना विषय सांगितला तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे टीव्हीवर मुंग्या येतात, तेच ना? ते मोजून पदवी देतात?”

मी त्यांना समजावलं. नेहमीचं रडार म्हणजे डोंगरासमोर उभं राहून एक हाक मारायची आणि ती परत यायला किती वेळ लागला ते बघायचं. माझं रडार हाक मारत नाही, पुटपुटतं. त्या पुटपुटण्याला अर्थ नसतो, पण पुटपुटताना ते स्वतःच्या प्रत्येक शब्दाची नक्कल जवळ ठेवतं. समोरून जे काही परत येईल ते नकलेशी ताडून पाहायचं. जुळलं तर ते आपलंच, कुठेतरी आपटून परत आलेलं. नाही जुळलं तर तो जगाचा गोंगाट, सोडून द्यायचा.

“मूळ प्रत आणि सत्यप्रत,” बाबा म्हणाले. ते सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. माझ्या गाइडना हीच गोष्ट समजावायला मला एक सबंध टर्म लागली होती.

नक्कल ठेवायची कुठे, हा पुढचा प्रश्न. ऐपत असलेले लोक ती कॉम्प्युटरमध्ये ठेवतात. मी ती केबलमध्ये ठेवली. मूळ सिग्नल हवेतून समोरच्या वस्तूपर्यंत जाऊन परत येईपर्यंत त्याची नक्कल केबलच्या गुंडाळीत फिरत राहायची, आणि दोघं एकाच क्षणी पोचले की मीटरचा काटा उडायचा. काटा किती मीटर केबलवर उडतो त्यावरून वस्तू किती लांब ते कळायचं. केबलमध्ये लहर हवेपेक्षा सावकाश चालते, त्यामुळे अठरा मीटरवरच्या वस्तूसाठी जाऊन-येऊन छत्तीस नव्हे, तर साधारण चोवीस मीटर केबल लागणार, असा माझा हिशेब होता. केबल आमच्या गल्लीतल्या टीव्हीच्या केबलवाल्याने दिली. “क्या सर, घर में कनेक्शन है फिर भी?” असं त्याने विचारलं, आणि मी रडार बनवतोय म्हटल्यावर काही न बोलता आणखी एक गुंडाळी आणून दिली.

अंतर मात्र असं-तसं चालणार नव्हतं. माझे गाइड निवृत्तीला टेकले होते आणि त्यांना समीकरणांपेक्षा परिशिष्टांवर जास्त माया होती. मी म्हटलं, सर, आमच्या ए विंगच्या गच्चीवर पेटी ठेवतो, समोरच्या सी विंगच्या गच्चीवर पत्रा, आणि अंतर टेपने मोजतो. त्यांनी चष्मा काढला. “टेप काय, कोणीही ताणतो. रेफरन्स ऑथेंटिकेटेड पाहिजे. एक्स्टर्नल एक्झामिनरने विचारलं तर टेप दाखवणार आहेस? डॉक्युमेंट आण.”

डॉक्युमेंट आमच्या घरातच होतं. गिरगावातली खोली विकून बाबांनी हा फ्लॅट घेतला त्याला सात वर्षं झाली होती, आणि त्यातली सहा वर्षं ते सोसायटीचे मानद सेक्रेटरी होते. मानद म्हणजे सगळ्यांनी शिव्या द्यायच्या आणि पगार कुणी द्यायचा नाही. आमच्या बिल्डिंगला ओसी मिळाली नव्हती, म्हणजे ती राहण्यास योग्य आहे असा कागद सरकारदरबारी नव्हता, आणि आम्ही सत्तर कुटुंबं तीत राहत होतो. बाबा दर दोन महिन्यांनी त्यासाठी अर्ज करत. त्यांच्या फाइलमध्ये बिल्डरने दिलेला मंजूर नकाशा होता. ए विंग आणि सी विंग, भिंतीपासून भिंतीपर्यंत अठरा मीटर. बाबांनी त्याची झेरॉक्स काढली, सोसायटीचा गोल शिक्का मारला, ‘सत्यप्रत’ लिहून खाली सही केली. गाइडना तो कागद पाहून भरून आलं. तो त्यांनी परिशिष्ट म्हणून सिनॉप्सिसलाच जोडला आणि विद्यापीठाच्या कमिटीकडून मंजूर करून घेतला.

गच्ची वापरायला परवानगी लागणार होती. “अर्ज दे,” बाबा म्हणाले. मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसून ‘मा. सचिव यांस’ असा अर्ज लिहिला. त्यांनी तो वाचला, ‘कृपया’ दोनदा आलंय म्हणून परत लिहायला लावला, आवक नंबर टाकला आणि पोच दिली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, उत्तर पोस्टाने पाठवणार का? सोसायटीच्या कमिटीत दोन दिवस गदारोळ झाला, कारण गच्चीवर अँटेना म्हणजे मोबाइलचा टॉवर, असं अर्ध्या लोकांना वाटलं. त्यातले निम्मे किरणोत्साराला घाबरले आणि निम्मे भाड्यात सोसायटीचा वाटा किती ते विचारायला आले. माझी पेटी जेमतेम खेळण्यातल्या वॉकीटॉकीएवढी ताकद हवेत सोडते हे ऐकून दोन्ही गट नाराज झाले.

समोर ठेवायचा पत्रा काशीमीऱ्याला एका गॅरेजात करून घेतला. तिथला कारागीर ट्रकचे मडगार्ड ठोकायचा. तीन त्रिकोणी पत्रे एका कोपऱ्यात असे जोडायचे, की कुठूनही लहर आली तरी ती आल्या वाटेने परत जावी. त्याने काटकोन इतके चोख काढले की मी लाजलो. आणखी एक पत्रा मी आडोशासाठी घेतला. माझ्या दोन अँटेना शेजारी-शेजारी होत्या, आणि पाठवणारीचा सिग्नल समोर जाण्याआधी थेट ऐकणारीच्या कानात शिरायचा. रडारच्या धंद्यातली ही जुनी डोकेदुखी आहे. ढग, वीज, ग्रिलवाल्याचं वेल्डिंग यांचा त्रास होतोच, पण सगळ्यात मोठ्याने रडारला ऐकू येतं ते स्वतःचंच. मधे पत्रा लावल्यावर ते जरा कमी झालं.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी पहिलं माप घेतलं. चोवीस मीटर केबल लावली. काटा झोपलेलाच. तेवीस लावली, पंचवीस लावली, काही नाही. मग कंटाळून एकेक मीटर कमी करत गेलो, आणि अठरा मीटर केबलवर काटा ताडकन उभा राहिला. पत्रा झाकला की काटा पडायचा, उघडला की उठायचा. म्हणजे पेटीला पत्रा दिसत होता, पण अठरा मीटरवर नाही, साडेतेरा-पावणेचौदा मीटरवर. सहा मीटर केबल कमी पडत होती, म्हणजे साधारण पंधरा फुटांचा घोळ होता.

घोळ माझ्या पेटीत आहे याबद्दल मला क्षणभरही शंका आली नाही. नकाशावर शिक्का होता, पेटीवर नव्हता. पुढचे तीन महिने मी माझ्या पेटीत ते सहा मीटर शोधत होतो. अ‍ॅम्प्लिफायर बदलला. फिल्टर काढून पाहिले. नक्कल ज्या वाटेने जाते तिथे कुठेतरी ती रेंगाळत असणार, म्हणून सगळ्या जोडण्या उकलून परत झाळल्या. प्रत्येक वेळी गच्चीवर जायचं, आणि काटा प्रत्येक वेळी अठरालाच उठायचा. मला त्या काट्याचा इतका राग यायचा की एकदा मी त्याला मोठ्याने शिवी दिली, आणि वाळवणाला आलेल्या शेजारच्या काकू कुरडया तशाच टाकून खाली गेल्या. समोरच्या सी विंगमधून रोज फोडणीचा वास यायचा, कुठल्या घरात आज बांगडा आहे ते आमच्या खिडकीतून कळायचं. साठ फुटांवरून इतकं कळू नये, हे कुणाही शहाण्या माणसाच्या लक्षात आलं असतं. पण मी एम.ई. करत होतो.

मार्च उजाडला तेव्हा माझी झोप उडाली होती. प्रबंधात घालायला माझ्याकडे एकच आकडा होता आणि तो चूक होता. शेवटचा उपाय म्हणून मी पेटी, पत्रा आणि गॅरेजवाल्याने उसनी दिलेली ट्रकची बॅटरी रिक्षात घालून चौक नावाच्या कोळीवाड्याला गेलो. तिथे समुद्रालगत मोकळं मैदान असतं, आजूबाजूला भिंती नाहीत, आणि बोंबील सुकवायला बांबू उभे केलेले असतात. एका म्हाताऱ्या कोळ्याने पत्रा बांबूला बांधू दिला, पण बदल्यात त्याला सगळं समजावून सांगावं लागलं.

“लांबी किती पायजे तुला?” त्याने विचारलं.

“अठरा मीटर.”

“दहा वाव,” तो म्हणाला, आणि दोन्ही हात पसरून त्याने एक दोरी छातीवर मोजायला सुरुवात केली. एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांची लांबी. माझ्या खिशातला टेप तीन मीटरचा होता, त्यामुळे मी गप्प बसलो. दोरी ताणून त्याने पत्रा टोकाच्या बांबूला बांधायला लावला. “दहा वाव हाय. वीतभर इकडंतिकडं न्हाय व्हायाचं.”

मी चोवीस मीटर केबल लावली. काटा पहिल्याच झटक्यात उभा राहिला. पत्रा सात वावांवर नेला, आठवर नेला, बारावर नेला. केबल आणि दोरी दर वेळी जुळत गेली. म्हातारा कौतुकाने म्हणाला, “येवडा डबा कशाला? दोरी हाय ना.” मला हसू येईना. माझी पेटी डिसेंबरपासून खरं बोलत होती आणि मी तिला तीन महिने खोटं ठरवत होतो.

घरी आलो आणि बाबांना म्हटलं, ए विंग आणि सी विंगमधलं अंतर मोजायला हवं. ते म्हणाले, मोजलेलं आहे, नकाशात आहे. मी चौकची हकिकत सांगितली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी त्यांनी पँट-शर्ट घातला, कारण काम सोसायटीचं होतं, आणि हार्डवेअरच्या दुकानातून पन्नास फुटी टेप आणला. खाली दोन विंगांच्या मधे स्कूटर, पाण्याची टाकी आणि एक छोटं देऊळ होतं. कुणालाच कधी तिथे सरळ रेषेत चालायची वेळ आली नसावी. आम्ही स्कूटर बाजूला केल्या. बाबांनी टेपचं टोक ए विंगच्या भिंतीला धरलं, मी दुसरं घेऊन देवळाच्या कडेने सी विंगच्या भिंतीपर्यंत गेलो. साठ फूट अंतराला पन्नास फुटी टेप पुरणार नाही, जोडून मोजावं लागेल, असं बाबांनी आधीच बजावलं होतं. जोडावं लागलं नाही. पंचेचाळीस फूट भरले.

“पुन्हा,” ते म्हणाले. आम्ही तीन वेळा मोजलं. शेवटच्या वेळी त्यांनी जागा बदलली, आकडा स्वतः वाचला, आणि मग टाकीच्या कट्ट्यावर बसले. बिल्डरने मागच्या रस्त्याला दुकानांचे गाळे काढायला सी विंग पंधरा फूट पुढे सरकवली होती. गाळे आम्ही रोज बघत होतो, त्यातल्याच एकातून टेप आणला होता. “ओसी का मिळत नाही ते आज कळलं,” बाबा म्हणाले. सहा वर्षं ते ज्या नकाशाच्या सत्यप्रती जोडून अर्ज करत होते, तो नकाशा आमच्या बिल्डिंगचा नव्हताच.

मला वाटलं ते गप्प राहतील. कुणीही राहिलं असतं. पण संध्याकाळी त्यांनी सोसायटीचं लेटरहेड काढलं आणि इंग्रजीत एक दाखला लिहिला: आज रोजी माझ्या समक्ष मोजले असता दोन्ही विंगांमधील अंतर पंचेचाळीस फूट, म्हणजे तेरा पूर्णांक सात मीटर भरले. सही, शिक्का, तारीख. “हा जोड तुझ्या प्रबंधाला,” ते म्हणाले. “तुझं यंत्र बरोबर आहे. चुकीच्या कागदापायी तुझं वर्ष जायला नको.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. मला मात्र त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला, आणि हे मी त्यांना सांगितलं नाही.

गाइडनी दाखला दोन बोटांनी धरला. “परिशिष्ट बदलायचं? ते कमिटीने मंजूर केलंय. बदल म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा मीटिंग. पुढची टर्म धर.” मी म्हटलं, सर, मेमध्ये सादर झालं नाही तर माझी नोकरी जाईल. “मग कशाला घोळ घालतोस? सहा मीटर केबल म्हणजे तुझ्या सिस्टिमचा इंटर्नल डिले, पेटीच्या आतलाच उशीर. तसं लिही, टेबलात तेवढं मिळव, अठरा येतंय. सगळ्यांच्या सिस्टिमला डिले असतो.”

मी दोन दिवस विचार केला असं मला लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे मी परतीच्या वाटेवरच ठरवलं होतं. घरी येऊन आकड्यांचं टेबल दुरुस्त केलं, म्हणजे बिघडवलं. चौकचं माप पूर्ण गाळलं. वाव हे एकक विद्यापीठाला रुचलं नसतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. मेच्या पहिल्या आठवड्यात प्रबंध सादर झाला. त्यात रडारने अठरा मीटरवरचा पत्रा सतरा पूर्णांक नऊ मीटरवर दाखवला होता आणि मागे मंजूर नकाशा होता.

“जोडलास ना?” बाबांनी विचारलं.

“जोडला,” मी म्हणालो.

महिनाभराने सोसायटीची वार्षिक सभा झाली. बाबांनी पंधरा फुटांची गोष्ट इतिवृत्तात रीतसर लिहून ठेवली होती, त्यामुळे ती सगळ्यांना कळली होती. सभा पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी मागच्या रांगेत होतो. एक हार्डवेअरचे व्यापारी उठले. “काका, पंद्रा फूट के पीछे पूरी बिल्डिंग को क्यों लटका रहे हो? कल को फ्लॅट बेचना हो तो कौन लेगा?” कुणी म्हणालं बँक कर्ज देणार नाही, कुणी म्हणालं पाडायची नोटीस येईल. चेअरमन समंजस माणूस होते. ते म्हणाले, “साहेब, तुमची नियत चांगली आहे, सगळ्यांना माहितीय. पण तो दाखला फाडून टाका ना. कोणाकडे गेला नसेल अजून, तर विषय इथेच संपवूया.”

बाबा उभे राहिले. “तो आता माझ्या हातात नाही,” ते म्हणाले. “माझ्या मुलाच्या प्रबंधाला जोडलेला आहे. विद्यापीठात दाखल झालाय. दाखल झालेला कागद मागे घेता येत नाही.” आणि त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आधारासाठी. सत्तर घरांची डोकी माझ्याकडे वळली. मी मान हलवली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीच काम कुठलं असं कुणी विचारलं, तर त्यात मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नव्हतं.

हात वर करून मतदान झालं आणि बाबा सेक्रेटरी राहिले नाहीत. त्यांनी त्याच संध्याकाळी कपाटातल्या सगळ्या फाइली यादी करून नव्या सेक्रेटरीकडे दिल्या आणि पोच घेतली. शेजारचे लोक काही दिवस त्यांच्याशी बोलायचे टाळत. त्याचं त्यांना विशेष वाईट वाटलेलं दिसलं नाही. “तुझं काम झालं ना,” ते म्हणायचे.

माझं काम छानच झालं. व्हायवाला आलेल्या एक्स्टर्नलनी इंटर्नल डिलेचा आकडा कुठून आला ते विचारलं, मी ‘कॅलिब्रेशन’ म्हणालो, आणि त्यांनी मान डोलावून समोसा घेतला. इतक्या साध्या सामग्रीत इतका अचूक निकाल आल्याबद्दल त्यांनी माझं अभिनंदन केलं. जुलैत कॉलेजचं पत्र आलं. पहिल्यांदाच त्यावर शेवटची तारीख नव्हती. आईने पेढे आणले, आणि बाबांनी प्रबंध बघायला मागितला.

हे मी ओळखून होतो आणि त्याची सोयही करून ठेवली होती. प्रबंधाच्या चार प्रती होत्या. तीन विद्यापीठात, कॉलेजात आणि गाइडकडे पोचल्या होत्या. चौथी, घरची, बांधायला देताना मी बाइंडरला सांगून तिच्यातला नकाशा काढला आणि त्या जागी बाबांचा दाखला घातला. काळी पाठ, सोनेरी अक्षरं, शेवटी बाबांची सही. ते उघडतील, शेवटचं पान बघतील आणि खूश होतील असा माझा अंदाज होता.

पण बाबांना आता सोसायटीचं काम नव्हतं. त्यांनी प्रबंध पहिल्या पानापासून वाचायला घेतला. रोज जेवण झालं की खिडकीशी बसून, पट्टी ओळीखाली सरकवत, ते नॉइजवरची ब्याण्णव पानं वाचत राहिले. समीकरणं त्यांना कळत नसणार. पण फाइल कशी वाचतात ते त्यांना कळत होतं: मागच्या पानावरचा आकडा पुढच्या पानावर तोच आहे का, हे बघायचं. चौथ्या दिवशी कॉलेजातून आलो तर त्यांनी मला समोर बसायला सांगितलं. प्रबंध टेबलावर उघडा होता.

“इथे अठरा मीटर आहे,” त्यांनी पट्टी आकड्यावर ठेवली. “मागचा कागद तेरा पूर्णांक सातचा आहे.”

त्यांनी शेवटचं पान उघडलं.

“विद्यापीठातल्या प्रतीला मागे कुठला कागद आहे?”

“नकाशा,” मी म्हणालो. मग गाइडचं, टर्मचं, नोकरीचं सगळं सांगत सुटलो. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर ते म्हणाले, “नकाशावर पण माझीच सही आहे.”

“हो.”

“म्हणजे सभेत मी जे सांगितलं ते खोटं होतं.”

मी त्यांची माफी मागितली. ती त्यांना ऐकू गेली की नाही ते कळलं नाही. ते दाखल्याच्या पानाकडे बघत होते.

“परमनंटची ऑर्डर आली ना? सही-शिक्क्याची?”

“आली.”

“मग ही प्रत अशी घरात राहता कामा नये. उद्या कुणी पाहिली तर तुझी नोकरी जाईल.” त्यांनी पट्टी पानाच्या मुळाशी दाबून धरली आणि बाइंडिंग उसवणार नाही अशा बेताने दाखला अलगद कापून काढला. मग तो माझ्यापुढे धरला.

“फाड,” ते म्हणाले. “माझ्याच्याने होणार नाही.”

मी फाडला. कायम होऊन मला तेव्हा नऊ दिवस झाले होते.